पिशवीच्या मागोमाग : एका कार्यालयीन इमारतीच्या कचरा व्यवस्थापनाच्या प्रकल्प नोंदी

ही इमारत सात मजल्यांची असून तिच्यात वेगवेगळ्या आस्थापनांची कार्यालये आहेत. तळघरात कचरा साठवण्याची सामाईक खोली, संध्याकाळी येणारे कंत्राटी सफाई पथक आणि कचरा उचलून नेणारा ठेकेदार, एवढी व्यवस्था आधीपासूनच होती. प्रत्येक मजल्यावर दोन रंगांचे डबेही होते. तरीही तळघरातून बाहेर पडणारा जवळजवळ सगळा माल मिश्र कचरा म्हणूनच जात होता. हे बदलण्यासाठी इमारत व्यवस्थापनाने जे काम हाती घेतले, त्याच्या या नोंदी आहेत. असे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे फसले ते अधिक सविस्तर लिहिले आहे.

६ जानेवारी

नवे डबे आणि फलक मागवण्यापूर्वी डब्यातून निघालेली पिशवी प्रत्यक्षात कुठे जाते हे पाहायचे ठरवले आणि सफाई पथकासोबत सर्व मजले फिरलो. दोन रंगांच्या डब्यांतून दोन वेगळ्या पिशव्या निघत होत्या, पण त्या एकाच ढकलगाडीच्या एकाच पोकळीत पडत होत्या. सामानाची लिफ्ट पथकाला ठरावीक वेळच मिळते. त्या वेळात सगळे मजले उरकायचे असल्यामुळे वेगळ्या फेऱ्या करणे त्यांना शक्यच नव्हते. शिवाय दोन्ही पिशव्या काळ्या होत्या, त्यामुळे तळघरात पोहोचल्यावर कोणती कशाची हे ओळखण्याचा मार्ग उरत नव्हता.

कर्मचारी कचरा वेगळा करत नाहीत अशी तक्रार गेल्या वर्षीच्या प्रत्येक बैठकीत झाली होती. ज्यांनी वेगळा केला त्यांचाही कचरा संध्याकाळी एकत्र होत होता, आणि उशिरापर्यंत थांबणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेले होते. त्यांनी पुन्हा वेगळा करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पहिला खर्च म्हणून मध्ये आडवी फळी असलेल्या, दोन कप्प्यांच्या ढकलगाड्या मागवल्या. कागद आणि पुनर्वापराच्या मालासाठी पारदर्शक पिशव्या ठरवल्या. आतले दिसले की चुकीची पिशवी मजल्यावरच अडवता येते. हे होईपर्यंत कर्मचाऱ्यांना कोणतीही सूचना पाठवायची नाही असेही ठरले.

१९ जानेवारी

कचऱ्याची मोजणी सुरू केली. सुट्टीचा किंवा हिशेब बंद करण्याचा आठवडा टाळला, कारण त्या काळात कागदाचे प्रमाण नेहमीसारखे नसते. प्रत्येक पिशवीला मजला आणि जागा यांची चिठ्ठी लावली : प्रिंटरजवळ, पॅन्ट्री, टेबलाखालचे डबे, स्वच्छतागृह. तळघरात ताडपत्री अंथरलेल्या टेबलावर पिशव्या उघडून वर्गवारी केली. साधे रबरी हातमोजे या कामाला अपुरे पडतात. टोचणार नाहीत असे जाड मोजे, मुखपट्टी आणि बंद बूट लागतात. पहिल्याच दिवशी एका टेबलाखालच्या डब्यातून इन्सुलिनची सुई निघाली. वर्गवारी करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, हे मोजणी सुरू होण्यापूर्वी विचारायला हवे.

वजन आणि आकारमान दोन्ही नोंदवावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. अहवालात वजन मागतात, पण ठेकेदाराचे बिल मोठा डबा किती वेळा उचलला यावर निघते. रिकामे कागदी कप वजनाला नगण्य असतात आणि डबा मात्र भरून टाकतात. चहा-कॉफीचा चोथा याच्या अगदी उलट. केवळ वजन पाहिले असते तर कपांचा प्रश्न कागदावर दिसलाच नसता.

अनपेक्षित निघाले ते स्वच्छतागृहातले हात पुसण्याचे कागद. आकारमानात त्यांचा वाटा फार मोठा होता आणि ते सर्व मिश्र कचऱ्यात जात होते. भिजल्यावर फाटू नये म्हणून या कागदात रेझिन घातलेले असते आणि तंतूही आखूड असतात, म्हणून कागद गिरणी ते घेत नाही. मात्र त्यांत दुसरे काही मिसळलेले नसते, त्यामुळे कंपोस्टसाठी ते चालतात. स्वच्छतागृहात या कागदांसाठी स्वतंत्र डबा ठेवला आणि इतर वस्तूंसाठी झाकणाचा छोटा डबा बाजूला दिला. एवढ्याने मिश्र कचऱ्याचे आकारमान लगेच घटले, आणि कुणालाही काही शिकवावे लागले नाही.

२ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यावरून टेबलांखालचे डबे काढले. एका चुरगळलेल्या कागदासाठी रोज आख्खी पिशवी बदलली जात होती, आणि पथकाचा बराचसा वेळ वाकून हे डबे रिकामे करण्यात जात होता. त्याऐवजी प्रिंटरजवळ आणि पॅन्ट्रीच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर कागद, बाटल्या आणि मिश्र कचरा अशा तीन डब्यांचे संच ठेवले.

पहिल्या आठवड्यात कप खिडक्यांच्या कठड्यांवर आणि बैठकीच्या खोल्यांत साठू लागले. संच पॅन्ट्रीच्या आत, बेसिनशेजारी हलवून पाहिले, तर तिथे गर्दी होऊ लागली आणि लोक हाताला येईल त्या डब्यात टाकून बाजूला होऊ लागले. ते पुन्हा बाहेरच्या वाटेवर आणले आणि बैठकीच्या खोल्यांमधले एकटे डबेही उचलले. एकटा डबा, त्यावर काहीही लिहिलेले असो, मिश्र कचऱ्याचाच होतो; संचातले तीनही डबे नेहमी शेजारी हवेत.

काहींनी घरून डबे आणून टेबलाखाली ठेवले. त्यांच्याशी वाद घातला नाही. पथक ते रिकामे करणार नाही एवढेच कळवले. ज्यांना चालण्याची अडचण आहे किंवा औषधोपचारासाठी जवळ डबा लागतो, त्यांना विनाचौकशी तो ठेवू दिला. वापरलेल्या सुयांसाठी टणक, बंद डबा प्रथमोपचार कक्षात ठेवला आणि त्याची माहिती खासगीत द्यायची सोय केली.

१६ फेब्रुवारी

झाकणे बदलली. कागदाला अरुंद चीर, बाटल्या आणि पेयाच्या डब्यांना गोल भोक, आणि मिश्र कचऱ्याला उघडे तोंड. यामुळे कागदाच्या डब्यात कप जाणे जवळजवळ थांबले. हात घाईत असला की वाचत नाही, पण भोकात न बसणारी वस्तू त्याला थांबवते.

फलकांचा पहिला मसुदा निरुपयोगी ठरला. त्यावर ‘पुनर्वापरयोग्य प्लास्टिक’ असे शब्द आणि त्रिकोणातले आकडे होते. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून आणले. ती वस्तू पुन्हा वापरात येईल असे आश्वासन त्यांत नाही. गोंधळ इतका पसरला होता की २०१३ मध्ये मानकात बदल करून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण घेतला गेला. तरी बाणांचा त्रिकोण दिसला की लोक निःशंकपणे वस्तू पुनर्वापराच्या डब्यात टाकतात. फलकावरून आकडे काढले आणि आमच्याच पॅन्ट्रीत मिळणाऱ्या वस्तू धुऊन, सुकवून डब्याच्या वर प्रत्यक्ष चिकटवल्या. दिसायला ते ओबडधोबड आहे आणि एका आस्थापनेच्या सजावट विभागाने हरकतही घेतली, पण छापील फलकापेक्षा ते चांगले चालते.

३ मार्च

कपांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक वेळ इथेच गेला.

कागदी कपाला आतून पॉलिथिलीन या प्लास्टिकचा पातळ थर असतो. वजनाच्या सुमारे पाच टक्के. सामान्य कागद गिरणीच्या लगदा यंत्रात एवढ्या थोड्या वेळात तो थर तंतूंपासून सुटत नाही आणि चाळणीवर अडकतो. कपांतला थर वेगळा करणाऱ्या गिरण्या आहेत, पण आमचा कागद घेणाऱ्याच्या साखळीत ती सोय नव्हती आणि त्याने कप स्पष्ट शब्दांत नाकारले.

मग खरेदी विभागाने कंपोस्ट होणारे कप आणले. किंमत जास्त होती आणि खोक्यावर हिरवे पान छापलेले होते. त्यांच्यावर उल्लेख असलेले ईएन १३४३२ हे युरोपीय मानक वाचून पाहिले. त्यानुसार नियंत्रित परिस्थितीत बारा आठवड्यांनी किमान ९० टक्के वस्तुमान दोन मिलिमीटरच्या चाळणीतून जावे आणि सहा महिन्यांच्या आत ९० टक्के जैवविघटन व्हावे अशी अपेक्षा असते. ही परिस्थिती औद्योगिक कंपोस्ट केंद्राची आहे, जिथे ढीग दीर्घकाळ गरम राहतो. आमच्या भागातून ओला कचरा नेणारे केंद्र माल त्याहून बरेच आधी बाहेर काढते आणि असे कप चाळणीवर अडवून फेकून देते. त्यातच सारख्या दिसणाऱ्या पारदर्शक पीएलए (वनस्पतींपासून बनवलेले प्लास्टिक) पेल्यांनी पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे नेहमीचे प्लास्टिक) बाटल्यांच्या मालात शिरकाव केला. वितळण्याचे तापमान निराळे असल्यामुळे थोडेसे पीएलए देखील पीईटीची प्रत बिघडवते. म्हणजे पैसे जास्त मोजून दोन ठिकाणी अडचण विकत घेतली गेली. उरलेला साठा परत करता आला नाही. तो मिश्र कचऱ्यातच संपवला.

शेवटी चिनी मातीचे मग आणि भांडी धुण्याचे यंत्र, हाच मार्ग उरला. पहिला आठवडा वाईट गेला : मग टेबलांवर साचले, पॅन्ट्रीत एकही उरला नाही आणि लोकांनी पुन्हा कप मागितले. मगांची संख्या वाढवूनही उपयोग झाला नाही, कारण प्रश्न परतीचा होता. पथकाच्या दुपारच्या पाळीत एका फेरीची भर घालून ट्रेमध्ये मग गोळा करण्याचे काम दिले, त्याचे वाढीव तास कंत्राटात लिहून दिले, आणि त्यानंतर व्यवस्था स्थिरावली. हे तास न देता काम वाढवले असते तर ते दोन आठवड्यांतच बंद पडले असते. पाहुण्यांसाठी स्वागतकक्षात थोडे कप ठेवले आहेत. ते सरळ मिश्र कचऱ्यात जातात आणि तसे तिथे लिहिलेले आहे.

११ मार्च

कागदाचा पहिला मोठा माल परत आला. वरचे गठ्ठे ठीक होते, मधले ओले. दोन कारणे सापडली. तळघरात गठ्ठे जमिनीवर आणि ढकलगाड्या धुण्याच्या जागेला लागून रचलेले होते, त्यामुळे खालून ओल चढत होती. ते लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर हलवले.

दुसरे कारण पॅन्ट्रीतले होते. अर्धवट प्यालेले पेय तसेच डब्यात टाकले जाई, पिशवीच्या तळाशी साचे आणि ढकलगाडीत शेजारच्या कागदावर गळे. प्रत्येक संचाशेजारी जाळीचे तोंड असलेले, उरलेले पेय ओतण्याचे एक साधे भांडे ठेवले. पथक ते बेसिनमध्ये रिकामे करते. पिशव्या हलक्या झाल्या, फाटणे कमी झाले आणि त्यानंतर ओला म्हणून माल परत आलेला नाही. एवढे स्वस्त साधन सगळ्यात शेवटी सुचले, याचे थोडे नवल वाटते.

बिलांचा गुळगुळीत कागद मात्र कागदाच्या डब्यात घेत नाही. त्यावर उष्णतेने उमटणारा रासायनिक लेप असतो, आणि त्यातली बिस्फेनॉलसारखी द्रव्ये पुढच्या कागदात उतरतात.

३० मार्च

कागद चांगला निघू लागला तरी त्याची प्रत कमी का लागते, याचा शोध घेतला. बहुतेक आस्थापना प्रत्येक कागद श्रेडरमध्ये घालत होत्या, अगदी सभेच्या सूचनेचाही. श्रेडरने किती बारीक तुकडे करायचे हे ठरवणाऱ्या डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकात कागदासाठी पी-१ ते पी-७ असे सात स्तर आहेत. पी-४ मध्ये तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा, तर पी-५ मध्ये फक्त ३० चौरस मिलिमीटरचा असतो. आमच्याकडची बरीच यंत्रे पी-५ ची होती. इतका चुरा केला की तंतू तुटतात, बराचसा भाग गिरणीच्या चाळणीतून निसटतो आणि खरेदीदार तो खालच्या प्रतीत धरतो.

गोपनीय कागदांसाठी कुलूपबंद पेट्या ठेवल्या आणि बाकीचा कागद अखंड जाऊ द्यावा असे सुचवले. कायदा विभागांनी हे मान्य करायला वेळ घेतला. प्रत्येक कर्मचाऱ्याने कोणता कागद गोपनीय हे दर वेळी ठरवायचे, ही कल्पना त्यांना धोक्याची वाटत होती आणि ती शंका गैर नव्हती. तडजोड अशी झाली की मनुष्यबळ, लेखा आणि कायदा या विभागांचा सगळा कागद कुलूपबंद पेटीत जाईल आणि इतर विभागांत उघडा संच राहील. श्रेडरमधला चुरा आता गिरणीला देत नाही. त्याचा उपयोग पुढच्या नोंदीत येतो.

मुद्रण दोन्ही बाजूंनी आणि ओळखपत्र दाखवल्यावरच बाहेर येईल अशी रचना माहिती तंत्रज्ञान विभागाने केली. प्रिंटरवर बेवारस पडणारे कागद जवळजवळ नाहीसे झाले.

२० एप्रिल

कंपोस्ट यंत्राचा अनुभव संमिश्र आहे. एका विक्रेत्याने एका दिवसात खत देणारे यंत्र चाचणीसाठी ठेवले. त्यातून निघालेली तपकिरी भुकटी दिसायला छान होती, पण ओली केल्यावर तिला बुरशी आली आणि वास सुटला. ते यंत्र उष्णतेने ओलावा काढते. विघटन त्यात घडतच नाही. वाहतुकीचे वजन कमी करायचे असेल तर त्याचा उपयोग आहे, पण त्याच्या विजेचे बिल पाहून ते परत पाठवले.

दुसरे यंत्र फिरत्या पिंपाचे आहे. त्यात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे लागते आणि ओलावा ५० ते ६० टक्के. कॉफीचा चोथा सुमारे २० ला १ असतो आणि उरलेले अन्न बहुधा त्याहून कमी, म्हणून नुसता ओला कचरा घातला की अमोनियाचा उग्र वास येतो. इथे श्रेडरचा चुरा, हात पुसण्याचे कागद आणि फाडलेला कोरा पुठ्ठा कामी आला. चुरा एकदम जास्त घातला तर त्याचा लगदा होऊन हवा अडते. पुठ्ठ्याचे तुकडे त्यात पोकळी राखतात. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर सलग तीन दिवस राहते का याची नोंद पथकातली एक व्यक्ती रोज ठेवते.

लांब सुट्टीत यंत्राला खाद्य मिळत नाही, ढीग थंड पडतो आणि पुन्हा तापायला काही दिवस घेतो. यावर उपाय सापडलेला नाही. सुट्टीपूर्वी पिंप अर्धे रिकामे करतो, इतकेच.

१८ मे

बॅटऱ्या आणि जुनी उपकरणे. मिश्र कचऱ्याच्या पिशवीत फुगलेली पॉवर बँक सापडल्यावर पुठ्ठा दाबण्याच्या यंत्राजवळची व्यवस्था तातडीने बदलली. लिथियम-आयन पेशी दाबली किंवा टोचली गेली की आतल्या आत जोडणी होऊन पेट घेते, आणि अशी आग विझली असे वाटल्यावर पुन्हा भडकू शकते. स्वागतकक्षात वाळू भरलेला धातूचा डबा ठेवला. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावूनच ती आत टाकायची. वापरलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या मूळ पुठ्ठ्याच्या नळीतच उभ्या ठेवतो.

संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांतली विदा (डेटा) पुसण्यावरून बरेच दिवस गेले. चुंबकाने पुसण्याच्या यंत्राचा सॉलिड स्टेट ड्राइव्हवर (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये साठवण करणाऱ्या ड्राइव्हवर) परिणाम होत नाही, आणि आमच्याकडच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक तेच होते. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत साफ करणे, खोलवर पुसणे आणि नष्ट करणे असे तीन स्तर दिलेले आहेत. त्यांपैकी दुसरा स्तर स्वीकारला आणि प्रत्येक अनुक्रमांकासमोर प्रमाणपत्र मागितले. टोनरची रिकामी काडतुसे उत्पादकाच्या परतीच्या खोक्यात जातात. सांडलेली टोनर भुकटी साध्या व्हॅक्यूम यंत्राने ओढू नये : ती गाळणीतून निसटून हवेत पसरते आणि पेटूही शकते.

२२ जून

पुठ्ठ्याची प्रत मध्येच घसरली होती, त्याचे कारण सफाई पथकातल्या ज्येष्ठ बाईंनी सांगितले. पूर्वी पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमचे डबे पथकातले लोक बाजूला काढून विकत आणि ते पैसे आपसात वाटून घेत. नव्या व्यवस्थेत तो माल ठेकेदाराच्या बिलातून वजा होऊ लागला. काम वाढले आणि वरकमाई गेली. गठ्ठा नीट बांधावा असे त्यांना का वाटावे? व्यवस्थापनाच्या हिशेबात ही रक्कम इतकी किरकोळ होती की ती कुणाच्या नजरेत आलीच नव्हती. आता पुठ्ठा आणि धातू यांच्या विक्रीची पूर्ण रक्कम वजनाच्या पावतीसह पथकाला मिळते. गठ्ठे सुधारले, आणि चुकीच्या पिशव्या कोणत्या मजल्यावरून येतात हेही आता न विचारता कळते.

ठेकेदाराच्या कराराच्या नूतनीकरणात तीन बदल मागितले आहेत : ठरलेल्या दिवशी अर्धवट डबा उचलण्याऐवजी भरल्यावर बोलावणे, प्रत्येक उचलीची वजनपावती, आणि परत आलेल्या मालाचे छायाचित्रासह कारण. पहिले दोन मान्य झाले. तिसऱ्यावर घासाघीस चालू आहे.

दुसऱ्या मोजणीत पाचवा मजला सर्वांत मागे निघाला. तिथे नवी आस्थापना आली, तिने पॅन्ट्रीचा पुरवठादार बदलला, आणि डब्यांवर चिकटवलेल्या वस्तू तिथे मिळणाऱ्या वस्तूंशी जुळेनाशा झाल्या. पुरवठादार बदलला की नमुने बदलणे हे काम आता खरेदी विभागाच्या यादीत टाकले आहे. त्या मजल्यावर जुन्या भाडेकरूने सोडलेली फळ्यांची कपाटे आणि गालिचे अजून पडून आहेत. भाडेकरार संपताना फर्निचर कोणी हलवायचे याचे कलम जुन्या करारात नाही. नव्या करारांत ते घालण्यासाठी मसुदा कायदा विभागाकडे दिला आहे.